अठ्ठावीसचे शंभर घड

तेवीस आणि एकोणीस हे दोन आकडे कोणी माझ्यासमोर एका दमात उच्चारले, की माझं डोकं अजून तापतं. गावातले टगे मुद्दाम गिरणीच्या दारावरून जाताना ओरडतात, "कोकिळाकाकू, तेवीस!" ओरडा मेल्यांनो. ज्या दिवशी ते आकडे निघाले त्या दिवशी तुमच्यापैकी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता.

मी कोकिळा. नाव कोकिळेचं, आवाज गिरणीच्या पट्ट्याचा. माहेर धुळ्याकडचं, मुंबई-आग्रा हायवेला लागून. लग्न करून रावेर तालुक्यातल्या या केळीच्या गावात आले, त्याला एक जन्म झाला. तरी राग आला की तोंडातून माहेरचीच बोली निघते आणि इथली माणसं फिदीफिदी हसतात. हसू देत. पिठाची गिरणी माझी आहे, त्यामुळे कोणत्या घरात काय शिजतं ते मला कळतं आणि माझा स्वभाव सगळ्या घरांना माहीत आहे. पण आज सांगायचं आहे ते माझं नाही, बेबाबाईचं.

बेबाबाईला गरीब गाय वगैरे समजू नका. बासष्टीची आहे, उंच आहे, बोलायला लागली की समोरच्याला घाम फुटतो. मजूर असो, व्यापारी असो, बसचा कंडक्टर असो, ती ऐकून घेत नाही. आमच्या दोघींचं पहिल्याच वर्षी कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण माझं पीठ तिला जाड वाटलं. त्यानंतर जी मैत्री झाली ती आजवर. मी तिला अक्का म्हणते. तिच्या झाडून साऱ्या साड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. तो डाग काही केल्या निघत नाही, हे केळीच्या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. बाकीच्या बाया वावरात जाताना जुनी साडी नेसतात, अक्काकडं नवी साडी जुनी व्हायला आठवडा लागत नाही.

तिचे यजमान छगनभाऊ वारले. जाण्याआधी त्या माणसानं एक शहाणपणाचं काम केलं, नाल्याकडचं वावर अक्काच्या नावावर करून दिलं. सात-बाऱ्यावर तिचं एकटीचं नाव. आपला धाकटा भाऊ चुडामण काय चीज आहे ते त्यांना ठाऊक होतं. मुलगा जितेंद्र धुळ्याला सरकारी ऑफिसात, सून मयुरी तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. म्हणजे वावर पाहायची ती एकटी अक्का.

आणि पाहायची कशी, तर शेवटच्या ओळीपासून. सगळं गाव वावरात शिरतं ते रस्त्याच्या बाजूनं, आणि पहिल्या पाच-पंचवीस ओळी बघून, हात झटकून परत येतं. अक्का बांधाबांधानं थेट मागं नाल्यापर्यंत चालत जायची आणि तिथून पुढं यायची. ठिबकचं पाणी शेवटच्या खोडापर्यंत पोचलं का, मजुरानं दमून मागच्या खोडांच्या बुडाशी फुटणारी, बळ खाणारी पिलं काढायची सोडून तर दिली नाहीत ना, हे आधी. मी एकदा म्हटलं, "अक्का, उलटं कशाला चालता?" तर म्हणाली, "बाई, मी सारा जन्म घरात सगळ्यायच्या मांगून जेवली. भांड्याच्या तळाले काय उरते ते मले माहीत हाये."

आता राशीबद्दल सांगते, म्हणजे बाहेरच्या माणसाला पुढचं कळेल. आमच्याकडं केळीचा घड सरासरी किती किलोचा भरला, त्याला रास म्हणतात. वीसची रास म्हणजे घडामागं वीस किलो. गावात दोन माणसं भेटली की जेवलास का नंतर विचारतील, आधी रास विचारतील. "यंदा कितीची?" "चोवीसची." की हा मिशीवर हात फिरवणार आणि तो मान खाली घालणार. पोराचं लग्न जमवताना बापाची रास विचारलेली मी या कानांनी ऐकली आहे.

बाग एका दिवसात कापली जात नाही. जे घड आधी भरले ते आधी कापायचे, बाकीचे मागून. प्रत्येक कटाईला काट्यावर वजन होतं, घड मोजले जातात आणि त्या कटाईची रास निघते. व्यापारी पैसे देतो ते किलोवर. त्याला तुमच्या राशींची बेरीज-वजाबाकी करायची गरजच पडत नाही. सगळ्या बागेची मिळून एक रास काढायची वेळ येते ती फक्त मिशा पिळायला, आणि मिशा पिळायच्या हिशेबाची तपासणी आजवर कोणी केलेली नाही. खरी गोम इथंच आहे.

मागच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आणि शेतीचं साल याच दिवशी फिरतं. वर्षाचा गडी, म्हणजे सालदार, याच दिवशी ठरतो, वावर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यानं, द्यायचं-घ्यायचं ते याच दिवशी. जितेंद्र आला आणि पुरणपोळी पोटात गेल्यावर म्हणाला, "आई, आता बस झालं. शेत चुडामणकाकांना बटाईनं देऊ. तू धुळ्याला चल."

"मी कोठी चालली नाही," अक्का म्हणाली.

"मी सगळ्यांशी बोललोय. काका म्हणतात द्या, केळीच्या ग्रुपचे योगराजभाऊ म्हणतात द्या, मामा म्हणतात द्या, माझे ऑफिसातले मित्रही म्हणतात द्या. एकटी तू नाही म्हणतेस."

ऐका! ऑफिसातले मित्र! ज्यांनी जन्मात केळीचं खोड बुडापासून पाहिलं नाही त्यांचं एक मत, आणि जी रोज त्या चिखलात उभी राहते तिचंही एकच मत. काकाला तर वावर स्वतःलाच पाहिजे होतं, तरी त्याचं मत धरलं. मी तिथंच बसले होते, माझं मत मात्र कोणी विचारलं नाही.

जेवायला आलेला चुडामण तेव्हा काय साळसूदपणे बोलला म्हणता! "वहिनीच्यानं होत नाही आता. मी घरचाच माणूस. वाटल्यास एक साल पाहू. दोघायची हजार-हजार खोडं हायेत. वहिनीची रास माह्यापेक्षा चांगली आली तं वावर वहिनीकडं, नाही तं माह्याकडं." जितेंद्रला ते फार न्यायाचं वाटलं. अक्कानं मुलाच्या तोंडाकडं पाहिलं आणि हो म्हणाली. हरण्याचा विचार तिच्या मनात आला नव्हता.

ते साल मी डोळ्यांनी पाहिलं. चुडामणचं वावर रस्त्याला लागून, अक्काचं त्याच्या मागं. चुडामणनं रस्त्याकडच्या मोजक्या ओळींची अशी काही बडदास्त ठेवली की विचारू नका. शेणखत त्यांना, महागाची औषधं त्यांना, घडांना पिशव्या त्यांना, वाऱ्यानं पडू नये म्हणून टेकू त्यांना. येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवून बघायचा आणि म्हणायचा, काय बाग आहे! पण त्या ओळींच्या पलीकडं जाऊन बघा. करप्यानं पिवळी पडलेली पानं, एकेका बुडाशी चार-चार पिलं आणि मधे बारकं खोड. तिकडं कोण बघतंय?

अक्काच्या बागेत थांबून बघावं असं एकही खोड नव्हतं. सगळी एकसारखी, एका उंचीची. त्यामुळं घडही बहुतेक एकदमच भरले.

कटाई झाली. आता आकडे नीट ऐका, कारण यात लपवाछपवी काहीच नव्हती. सगळ्या गावाला सगळं माहीत होतं, म्हणून तर माझा जास्त संताप होतो. चुडामणचे पहिल्या कटाईला शंभर घड निघाले, त्या लाडावलेल्या ओळींतले. रास अठ्ठावीस. एका टेम्पोत मावले, आणि टेम्पोला हार घालून गावातून फिरवला. दुसऱ्या कटाईला उरलेले नऊशे, रास अठरा. तेव्हा हार नव्हता. अक्काचे पहिल्या कटाईला साडेआठशे घड, रास तेवीस. ट्रक भरून गेले. वाऱ्यात सापडलेल्या नाल्याकाठच्या खोडांचे दीडशे घड मागं राहिले होते, ते दुसऱ्या कटाईत. त्यांची रास पंधरा.

यंदाच्या आखाजीच्या आदल्या दिवशी योगराजच्या पॅकिंग शेडमध्ये सगळे जमले. योगराज आमच्या केळीवाल्यांच्या ग्रुपचा म्होरक्या. शेड माझ्या गिरणीच्या अगदी समोर. लाइट गेलेली, गिरणी बंद, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. अक्काला बोलावलंच नव्हतं. जिच्या पिकाचा निकाल लागायचा ती घरात सांजोऱ्या तळत होती, आणि शेडमध्ये पंधरा पुरुष चहा पीत बसले होते.

योगराज मोठ्यानं म्हणाला, "चुडामणभाऊ. अठ्ठावीस अन् अठरा. सेहेचाळीस. निम्मे तेवीस. बेबाबाई. तेवीस अन् पंधरा. अडतीस. निम्मे एकोणीस. झालं. चुडामणभाऊची रास तेवीस, वहिनीची एकोणीस."

झालं! टाळ्या पडल्या. जितेंद्रनं काकाच्या पाया पडून घेतलं. उद्या सकाळी बटाईचा कागद करायचा असं ठरलं आणि मंडळी चहाचे कप तिथंच टाकून उठली.

काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण नेमकं कुठं ते बोट ठेवता येईना. बेरीज बरोबर होती, निम्मेही बरोबर होते. पण दारासमोरून हार घातलेला एक टेम्पो गेला होता आणि भरभरून ट्रक गेले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

लाइट आली तशी मयुरी गहू घेऊन आली, मागोमाग अक्का. अक्काला निकाल वाटेतच कोणीतरी हसत-हसत सांगितला होता. ती माझ्या ओट्यावर बसली.

"कोकिळा, माही रास एकोणीस कशी आली वं?" ती म्हणाली. "घड मीही उचलले. दर घडाले कंबर बोलत व्हती. हलके घड थोडेच व्हते, मांगचे."

ते ऐकून माझा पारा चढला. मी कोणाशी बोलतेय याचं भान न ठेवता ओरडले, "हाऊ कसाना हिसाब शे व माय! माझ्या गिरणीत पोतंभर ज्वारी नि मूठभर उडीद एकत्र दळले, तर काय अर्धं पीठ उडदाचं होईल? मूठ ती मूठ, पोतं ते पोतं!"

मयुरी डबा खाली ठेवता-ठेवता थांबली. "काकू, काय म्हणालात? त्यांनी रास काढली कशी?"

तिला फक्त निकाल कळला होता. मी शेडमध्ये ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं, अठ्ठावीस आणि अठरा, निम्मे तेवीस. ती ऐकत गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"असं कसं निम्मे करतील?" ती म्हणाली. "त्यांनी दोन राशींची सरासरी काढली. घडांची काढलीच नाही! अठ्ठावीसच्या मागं शंभर घड आहेत आणि अठराच्या मागं नऊशे. निम्मे केले म्हणजे ते शंभर घड नऊशेंच्या बरोबरीनं मांडले. दोन्ही कटायांचे घड सारखेच असते तर निम्मे चाललेही असते. इथं सारखे कुठं आहेत?"

"मग कसं काढायचं?" मी विचारलं.

गिरणीच्या लाकडी झाकणावर पिठाचा थर होता. तिनं त्यातच बोटानं मांडलं. "प्रत्येक राशीला तिच्या घडांनी गुणायचं, म्हणजे त्या कटाईचं सगळं वजन येतं. मग सगळी वजनं एकत्र करायची आणि सगळ्या घडांनी भागायचं. काकांचे शंभर गुणिले अठ्ठावीस, अठ्ठावीसशे किलो. नऊशे गुणिले अठरा, सोळा हजार दोनशे. दोन्ही मिळून एकोणीस हजार. घड हजार. रास एकोणीस."

"एकोणीस?" अक्का म्हणाली. "ते तं मले देले ना?"

"थांबा आई. तुमचे आता. साडेआठशे गुणिले तेवीस, एकोणीस हजार साडेपाचशे. दीडशे गुणिले पंधरा, सव्वादोन हजार. एकूण एकवीस हजार आठशे. भागिले हजार. एकवीस पूर्णांक आठ. जवळजवळ बावीसची रास आहे तुमची."

मला वाटलं अक्का हसेल, निदान डोळे पुसेल. कसलं काय! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पिठातल्या आकड्यांकडं बघत ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर माह्या हातानं पिकलेले घड त्यायनं मोजलेच नाहीत. नुसते राशीचे दोन आकडे घेतले अन् मले वावरातून काढलं." मग उठली आणि सांजोऱ्या करपतील म्हणून घरी गेली.

आखाजीची सकाळ. लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या आणि अक्काच्या ओट्यावर मंडळी जमली होती. चुडामण कडक टोपी घालून, खिशाला पेन लावून आलेला. योगराज, जितेंद्र आणि साक्षीला म्हणून आणखी दोघं म्हातारे. मी न बोलावता गेले. मयुरीनं कालचा हिशेब नवऱ्याला सांगून पाहिला होता, पण तो म्हणाला होता, आता सगळं ठरलंय, सणाच्या दिवशी वाद नको. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आईचं वावर जाताना वाद नको!

मयुरी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं तो हिशेब पुन्हा मांडला, सावकाश, वर्गात मांडावा तसा. योगराजनं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला, "सूनबाई, ते कॉलेजात. गावात रास अशीच काढतात. माह्या आजानंही अशीच काढली."

माझ्यानं राहवलं नाही. "मग तुमना आजाना बठ्ठा हिसाब चुकेल शे!" मी म्हटलं. "योगराजभाऊ, दिल्लीचा व्यापारी आला की त्याला असंच सांगता का? शंभर घड अठ्ठावीसचे आहेत, नऊशे अठराचे आहेत, सगळ्यांचे पैसे तेवीसनं दे? देईल का तो?"

"तो कसा देईल? तो काट्यावर घेतो."

"मग तुमच्या पैशाला काटा आणि आमच्या अक्काच्या वावराला निम्मे का हो?"

चुडामण तडतडला. "अठ्ठावीस आली ना माही? साऱ्या गावानं पाह्यली! खोटं हाये का?"

तेव्हा अक्का दारातून बाहेर आली. हात पुरणाचे होते, ते तिनं पदराला पुसले.

"खोटं नाही चुडामणभाऊ," ती म्हणाली. "आली. रस्त्यावरच्या ओळीची आली. आता असं करा. तुमचे हजार घड इथं मांडले असं समजा. डोळे मिटा अन् त्यातला एक घड उचला. तो अठ्ठावीसचा निंघंल का अठराचा?"

चुडामणनं टोपी सारखी केली.

"सांगा ना. तुमच्याच बागेतला घड हाये. दहा वेळा उचला. कितीदा अठ्ठावीसचा निंघंल?"

साक्षीला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक नकळत बोलून गेला, "एखाद्या टायमाले," आणि मग चुडामणकडं बघून खोकायला लागला.

"अन् माह्यातला उचला," अक्का म्हणाली. "दहातून आठ-नऊदा तेवीसचा येईन. मंग बाग कोणाची चांगली?"

जितेंद्रनं मोबाइल काढला होता. बोटं चालवली, थांबला, पुन्हा चालवली. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, एकोणीसच येते तुमची. आईची एकवीस पूर्णांक आठ." काल हाच मुलगा टाळ्या वाजवत होता.

आता तुम्हाला वाटेल, माणसं वरमली असतील, काही बोलली असतील. छे! योगराजनं मांडीवर थाप मारली. "चला, वहिनी जिंकल्या! आण वं मयुरी, पुरणपोळी आण!" आणि सगळे हसले. चुडामणही हसला. काल बाईला वावराबाहेर काढताना तो आकडा ब्रह्मवाक्य होता, आज चूक निघाली तर गंमत झाली. मला त्या हसण्याची एवढी चीड आली की मी समोरचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. बसा म्हटलं आता थुंकी गिळत.

जितेंद्रलाही हायसं वाटलं असावं. तो आईजवळ गेला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "ठीक आहे आई. शेत तुझ्याकडंच राहू दे. पुढच्या आखाजीला पुन्हा बघू."

पुन्हा बघू म्हणे! अक्कानं मुलाकडं पाहिलं. मी तिला कंडक्टरवर चिडलेली पाहिली आहे, व्यापाऱ्यावर चिडलेली पाहिली आहे, पण त्या वेळचा तिचा चेहरा वेगळाच होता.

"जितेंद्र, सात-बाऱ्यावर कोणाचं नाव हाये?"

तो गोंधळला. "तुझं."

"एकटीचं?"

"हो."

"मंग माही रास पंधराची आली असती तं वावर कोणाचं राह्यलं असतं?"

त्यानं मयुरीकडं पाहिलं.

"बोल ना. पाचची आली असती? वादळानं सारी बाग झोपली असती, एक घड हाती लागला नसता, तं कोणाचं?"

"तुझंच."

"मंग तू कोण राहू देणारा?"

योगराजनं चपला शोधायला सुरुवात केली. चुडामणनं खिशाचं पेन आत सरकवलं.

"तुह्या तोंडाकडं पाहून मी वर्षभर परीक्षा देली," अक्का म्हणाली. "माह्याच वावरात राह्यासाठी परीक्षा! मयुरीनं हिशेब केला म्हणून पास झाली. नसता केला तं आज सह्या झाल्या असत्या, अन् तू मले गाडीत बसवून घेऊन गेला असता. आता पुन्हा बघू म्हणू नको. मले रास इचारायची असली तं बाग पाहून इचार. कधी गेला व्हता शेवटच्या ओळीले?"

सणासाठी जितेंद्रनं पांढराशुभ्र शर्ट घातला होता. अक्कानं दाराआडचा विळा घेतला आणि ओट्यावरून उतरली. कापलेल्या खोडांच्या बुडाशी आता नवी पिलं उठली होती, कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते बघायला हवं होतं. ती बांधाच्या वाटेला लागली. जितेंद्रही निघाला, तिच्या मागं.

दुपार कलल्यावर मायलेक परत आले तेव्हा मी दारातच होते. त्याच्या शर्टाला बाहीपासून पोटापर्यंत चीक लागला होता. मयुरी म्हणाली, "भिजत घालते, निघेल." अक्का पाय धुता-धुता म्हणाली, "नाही निंघत तो."